पोत्यातली फुलं

फाटकाशी रिक्षा सोडून अंगणात पाऊल टाकलं आणि रूपाच्या नाकात जळक्या कागदाचा वास शिरला.

वास तिच्या ओळखीचाच. लेझर कटरवर कागद कापला की तो थोडा जळतोच. तिच्या पदराला, केसांना, कधी कधी भाकरीच्या फडक्यालासुद्धा तो वास असायचा. पण तिच्या हातून येणारा वास म्हणजे उदबत्ती विझल्यावर मागे राहतो तेवढाच. आजचा वास दूध उतू जाऊन शेगडीवर करपावं तसला होता आणि अख्ख्या अंगणात भरला होता. शिवाय ती घरात नव्हतीच. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून माहेरी, आंबीला गेली होती. मग मशीनवर कागद लावला कुणी?

पडवीत इंद्रायणी तांदळाची पोती उभी होती, तोंडं सुतळीनं आवळलेली. सासू, कस्तुराबाई, त्यातल्याच एका पोत्याला पाठ टेकून लसूण सोलत बसली होती.

"आलीस? आईचा डोळा काय म्हनतो?"

"दिसाया लागलंय. आत्याबाई, ही पोती कसली? तांदूळ तर संपत आलता."

"तुझीच फुलं की. श्रीपतीनं काढली. कालधरनं मशीन चालूच हुतं. आणिक दोन पोती सकाळी टेम्पूत घालून लोनावळ्याला धाडली."

काढली म्हणे. बटाटे काढावेत तशी.

रूपानं हातातली पिशवी खाली ठेवली, सुतळी सोडली आणि पोत्यात हात घातला. वर आली ती पांढऱ्या कागदाच्या पाकळ्यांची मूठ. मोठ्या, लहान, गुलाबाच्या, कमळाच्या, सगळ्या एकात एक. काही दुमडलेल्या, काही चुरगळलेल्या. एकेका पाकळीची कड अशी तपकिरी, जणू कुणी कडेकडेनं बिडीचा चटका देत फिरलंय. तळहाताला काजळी लागली.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. ती वाटेत कुठं थांबत नाही, हे रूपाला त्या दुपारी कळलं.

रूपाचं फूल म्हणजे थरांचं फूल. कागदाची एकेक चकती कापायची. चकतीला कडेनं पाकळ्या, मधोमध सुईएवढं भोक. सगळ्यात खालची चकती मोठी, वरची तिच्याहून जराशी लहान, असं करत करत सात थर. थर एकावर एक ठेवताना प्रत्येक वेळी जरासा फिरवायचा, म्हणजे खालच्या दोन पाकळ्यांच्या मधल्या फटीवर वरची पाकळी येते. पण त्याआधी प्रत्येक पाकळीला पोट काढायचं. जुनी गोधडी घडी करून मांडीवर घ्यायची, तिच्यावर पाकळी ठेवायची आणि पळीच्या बुडानं दाबत फिरवायची. मग सपाट कागद फुगतो, कड मागे वळते आणि डोळ्याला वाटतं, ही आत्ताच उमललीय.

थर बदलू नयेत म्हणून रूपानं स्वतःची एक रीत काढली होती. मशीनच्या जाळीवरून चकती उचलली की लगेच दोऱ्यात ओवायची. खालून वर, मोठ्या चकतीपासून लहान चकतीपर्यंत. एक दोरा, एक फूल. वाळत घातलेल्या मिरच्यांसारखे ते दोरे खोलीभर टांगलेले असायचे. गुलाबाचा चौथा थर आणि कमळाचा चौथा थर यांत फरक करंगळीच्या नखाएवढा, पण एकाचा दुसऱ्यात गेला की फुलाचं तोंड वाकडं झालंच.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बारावी झाली, लग्न होऊन ती बेडश्याला आली. इथं भात, झेंडू आणि घरची गुरं. दीर श्रीपती मोठा, मळा त्याच्या शब्दावर चाले. नवरा उमेश आंबीतल्या एका कंपनीत जायचा, म्हणजे तिच्या माहेरच्या गावाला रोज हा जाणार आणि ती सणाला. प्रेरणा झाली, शाळेत जायला लागली, तेव्हा रूपा पवनानगरच्या रस्त्यावरच्या एका पॉलीहाऊसमध्ये गुलाबांच्या ग्रेडिंगला लागली. दांडा किती लांब, कळी किती मिटलेली, पाकळीला डाग आहे का, दिवसभर उभ्यानं तेच बघायचं. चांगली फुलं विमानानं परदेशी जायची. डागाळलेली फुलं टोपलीत. त्यातली दोन-चार ती पदरात घालून घरी आणायची. बाकीच्या बायका ती देवाला वाहत. रूपा मात्र ताट घेऊन बसायची आणि एकेक पाकळी उकलून ओळीनं मांडायची. बाहेरून आत. कशात काय बसलंय ते बघायची.

"फूल सोलती बया," कस्तुराबाई शेजारणीला सांगायची. "वांगं सोलल्यावानी."

मग उमेशची कंपनी दुसरीकडे हलली. हातात आलेल्या पैशांतून त्यानं हे लेझर कटर घेतलं. लोणावळ्यात बंगल्यांची काय कमी? प्रत्येक बंगल्याला नावाची पाटी लागणार, असा त्याचा हिशोब. पाट्या काही दिवस चालल्या, मग थांबल्या. मशीन गोठ्याशेजारच्या खोलीत धूळ खात पडलं. तेव्हा प्रेरणा कॉलेजात होती. तिनं आईला कॉम्प्युटरवर आकृती कशी काढायची ते दाखवलं. पुढचं रूपानं स्वतः शोधलं. कागदावर चिकटपट्टी लावली की कड काळी पडत नाही. मशीनमधला किरण वळवणारा आरसा पुसलेला नसला की कापच पूर्ण होत नाही. कागद पेटू नये म्हणून नळीतून वारा किती सोडायचा, वेग किती ठेवायचा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, कागद कापत असताना मशीनसमोरून उठायचं नाही. शेगडीवरच्या दुधासारखं आहे ते. पाठ फिरवली की घात.

रिसॉर्टातल्या लग्नांना तिची फुलं जायला लागली, त्याला दोन वर्षं होत आली होती. भुशीकडच्या एका रिसॉर्टात मांडव सजवणारी चैताली मॅडम होती. तिची ऑर्डर पक्की. फोन उमेशच्या नावावर, बोलणं उमेशचं, पोचवणं उमेशचं. आणि कुणी विचारलं, पाहुण्यांनी, सोयऱ्यांनी, कामशेतच्या बाजारात एखाद्यानं, "उमेशराव, लय झ्याक फुलं हो तुमची," की उमेश मान हलवून म्हणायचा, "आपल्या मशीनवर होत्यात."

आपल्या मशीनवर.

रूपा तिथंच उभी असायची. बोटांना चिकटलेला डिंक खरवडत. तिला फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, चार माणसांत त्यानं म्हणावं, फुलं रूपा करती. तीन शब्द. फुकटचे. तेवढेही त्याच्या तोंडून निघत नव्हते. श्रीपती समोर असला तर नाहीच. थोरल्या भावासमोर उमेश म्हणजे गुळाचा गणपती.

टेम्पो अंगणात आला तेव्हा रूपा अजून पोत्याजवळच उभी होती. श्रीपती पुढून उतरला, उमेश मागून.

"आली का लक्ष्मी," श्रीपती म्हणाला. "बघितलं का, चार दिसाचं काम एका दिसात. तू उगाच दोरं ओवत बसतीस."

"भावजी, ह्ये कुनी कापलं?"

"मी. उमेशनं चालू करून दिलं. बटन तर दाबायचं. म्या कागूद लावला, बटन दाबलं, गुरांचं पाणी बघून आलो तवर गठ्ठा तयार."

"कागद मशीनवर सोडून गुरांकडं गेलता तुमी?"

"मग काय त्याला ववाळत बसू?"

"खोली पेटली असती!"

"पेटली का? न्हाई न्हवं?" श्रीपतीनं पोत्यावर थाप मारली. "परवाच्या लग्नाची ऑर्डर हाय. मॅडमचा फोन आला, उमेश म्हनला ती माहेरी गेली, म्या म्हनलं मग काय झालं, मशीन तर माहेरी गेलं न्हाई. घिऊन टाक."

रूपानं नवऱ्याकडे पाहिलं. उमेश टेम्पोच्या फाळक्याची कडी लावत होता. लागलेली कडी काढून पुन्हा लावत होता.

"तुमाला मी सांगून गेलते," ती त्याला म्हणाली. "मी आल्याबिगर कागदाला हात लावू नका."

"अगं, दादा म्हनला..."

"दादा म्हनला. तुमी काय म्हनला?"

उमेश काही म्हणाला नव्हता. नेहमीसारखाच.

"आणिक पोत्यात भरलं कशाला? ह्यात थर असत्यात. कंचा कशावर जातो ते कसं कळायचं आता? आणि ही कड बघा, सगळी जळालीय."

"फूल म्हंजी फूल," श्रीपती म्हणाला. "झेंडू असू दे न्हाईतर कागूद. आजवर आमी गुलटेकडीला फुलं पोत्यानंच न्हेली. कुनी इचारलं न्हाई, कंची पाकळी कशाखाली. वजन करायचं, मोकळं व्हायचं. जोडून घेत्याल की तिकडं त्यांची मानसं. डिंक तर लावायचाय."

कस्तुराबाईनं एवढ्यात सांडलेली एक पाकळी उचलून डोळ्यांजवळ नेली. कड नखानं खरवडली.

"श्रीपती, ह्ये लग्नात लावायचं?"

"मग?"

"जळकं? नवरानवरीच्या डोक्यावर जळकं फूल? अरं, मढ्यालासुदीक कुनी जळकं फूल घालत न्हाई."

"आये, तू गप. कागूद हाय त्यो."

"मी गप. पर त्या पोरीची आय गप बसंल का?"

त्याच वेळी उमेशच्या खिशात फोन वाजला. चैताली मॅडम. उमेशनं चोरट्या नजरेनं एकदा भावाकडे, एकदा बायकोकडे बघितलं आणि सवयीनं स्पीकर लावला. फोनवर बोलताना तो नेहमीच लावायचा, कारण मॅडमचं भरभर शहरी बोलणं त्याला एका कानानं झेपायचं नाही.

"उमेशजी, हे काय पाठवलंय तुम्ही?" आवाज अंगणभर झाला. "मी दोन पोती उघडून बसलेय. मला वाटलं वरती पॅकिंगचा कचरा भरलाय, खाली फुलं असतील. तळापर्यंत हात घातला. सगळा हा कचराच! आणि जळलेला! परवा लग्न आहे माझं, म्हणजे माझ्या पार्टीचं. मुलीच्या आईनं आत्ता येऊन बघितलं तर मला उभी चिरेल. कोणी केलंय हे?"

श्रीपतीचा हात पोत्यावरून आपोआप खाली आला. कोंबडी अंगणात दाणे टिपत होती, तिच्याकडे तो फार लक्ष देऊन बघायला लागला.

उमेशनं फोन तोंडाजवळ नेला. आणि मग तो म्हणाला, चार माणसांत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, स्वच्छ:

"मॅडम, फुलं आमची मिसेस करते. मी तिला इचारतो."

कस्तुराबाईनं लसूण बाजूला सारला.

हेच ते शब्द. लग्नाकार्यात, बाजारात, घरच्या ओट्यावर रूपा ज्यांची वाट बघत होती ते. आले एकदाचे. चांगली होती तेव्हा मशीनची, आपली, उमेशरावांची. आणि नासली तेव्हा मिसेसची!

तिला वाटलं, हातातल्या मूठभर पाकळ्या त्याच्या तोंडावर माराव्यात. वाटलं, तो फोन विहिरीत टाकावा, मशीन टाकावं, त्यामागे दोघा भावांनाही टाकावं. पळीच्या बुडानं पाकळी दाबताना असतात तसे तिचे हात थंड आणि पक्के होते. ती पुढं झाली आणि तिनं उमेशच्या हातून फोन काढून घेतला.

"नमस्कार मॅडम. मी रूपा. फुलं मीच करते."

"अहो, मग हे..."

"म्हणूनच सांगते, ही माझी न्हाईत. मी माहेरी होते. ह्यांच्यातलं एकबी मी कापलं न्हाई. दोन वर्षांत तुमाला गेली ती सगळी माझी, ही न्हाईत."

मग मॅडम म्हणाली, "तुम्ही करता? सगळी? मागच्या माघात तुम्ही कमळाचा आतला थर बदललात, तोही तुम्हीच? मी तेव्हा उमेशजींना विचारलं होतं. इतकं सुंदर झालं होतं ते. तर म्हणाले, मशीनचं सेटिंग बदललं."

रूपानं उमेशकडे बघितलं. तो जमिनीत शिरायला जागा शोधत होता.

तो थर. त्या थरासाठी ती तळ्यावर जाऊन खरं कमळ आणून उकलत बसली होती. आतल्या पाकळ्या बाहेरच्यांसारख्या उघडत नाहीत, त्या ओंजळीसारख्या मिटत येतात, हे बघायला. सेटिंग!

"सेटिंग न्हवतं, मॅडम," ती म्हणाली. "कमळ हुतं."

"बरं, ते राहू दे. आता मला वाचवा. परवापर्यंत होतील? आहेत त्यातलीच निवडून?"

अंगणात सगळे तिच्याकडे बघत होते. श्रीपतीच्या चेहऱ्यावर आशा उगवली. रूपाला ती चांगली ओळखता आली. करेल ही. रात्रीचा दिवस करेल, निवडेल, जोडेल, घराची अब्रू राखेल. आणि पुढच्या बाजारात पुन्हा, आपल्या मशीनवर होत्यात.

"न्हाई," रूपा म्हणाली. "होणार न्हाईत. खोटं सांगत न्हाई. जळकी लावूबी नका, लग्नाचं घर हाय. नवरानवरीच्या पाठीमागं लावायला एक मोठं कमळ तेवढं करून देते. ते मी केलेलं असंल. बाकीचा मांडव झेंडूनं भरा."

"झेंडू? आत्ता ऐनवेळी एवढा झेंडू कुठून आणू? पाडवा तोंडावर आलाय."

"आमच्या श्रीपती भावजींच्या मळ्यात उभा हाय. पाडव्याच्या बाजारासाठी राखलाय, पर तुमाला देत्याल. उद्या सकाळी तोडून पोचवत्याल. पोत्यानं. त्यांना पोत्याची सवय हाय."

"ए..." श्रीपती पुढं झाला. "माझा झेंडू कशाला मधी?"

"फूल म्हंजी फूल ना, भावजी?"

कस्तुराबाई खुदकन हसली आणि मग हसल्याचं लपवायला खोकली. "तूच म्हनलास बाबा. आमी सगळ्यांनी ऐकलं."

श्रीपती लाल झाला. बाईमाणसानं भर अंगणात असं बोलावं, फोनवर परक्यांना मळा वाटावा, या घरात कधी असं झालं नव्हतं, असं बरंच काही त्यानं ऐकवलं. त्यानं उमेशला विचारलं, "तुझी बायकू बोलती आणि तू बघतोस?" उमेश तेव्हाही गप्पच राहिला. पण रूपाच्या ध्यानात आलं, आज तो पहिल्यांदा थोरल्या भावाच्या बाजूनं गप्प नव्हता. नुसता गप्प होता. त्याचं तिला कौतुक मात्र वाटलं नाही.

"तुमी इतकंच बोलला असता ना," ती त्याला म्हणाली, फोन त्याच्या हातात परत ठेवत, "की 'तिला इचारल्याबिगर ऑर्डर घेत न्हाई', तर ह्यातलं काईच झालं नसतं. मी केली तवा आपली. बिघडली तवा मिसेसची. चांगला हिशोब हाय तुमचा."

"रूपे, ऐक..."

"आता न्हाई ऐकत. मला काम हाय."

ती गोठ्याशेजारच्या खोलीत गेली आणि आतून कडी घातली. खोलीत जाळीवर काजळीचा थर. आरशावर धुराचे डाग. तिनं आधी आरसे पुसले, जाळी धुतली, खिडकी उघडून सगळा धूर बाहेर हाकलला. नवा कागद काढला, त्यावर चिकटपट्टी दाबून दाबून बसवली. आणि मग मशीनसमोर स्टूल ओढून बसली. लाल ठिपका कागदावरून फिरत होता आणि त्याच्यामागे बारीक निळा धूर. ती डोळ्याची पापणी लवू देत नव्हती. राग तसाच होता, छातीत निखाऱ्यासारखा. पण मशीनला त्याचं काही नसतं आणि हातांनाही नव्हतं. एकेक थर निघत गेला, दोऱ्यात ओवला गेला. सर्वांत आतला थर तिनं ओंजळीसारखा मिटवला.

बाहेर पडवीत उमेश एक पोतं उपसून बसला होता, पाकळ्या निवडत. मोठ्या एकीकडे, लहान एकीकडे. मधल्यांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. त्यानं खिडकीशी येऊन एक चकती वर धरली.

"रूपे, ही कितवी ग? गुलाबाची का कमळाची?"

तिनं उत्तर दिलं नाही. तो थोडा वेळ चकती धरून उभा राहिला, मग परत जाऊन बसला. कस्तुराबाईनं त्याला विचारलं, "काय म्हनली?" तो म्हणाला, "काय न्हाई." ती म्हणाली, "मग तूबी आता बघ, काय न्हाई ऐकल्यावर कसं लागतंय ते."

झेंडू सकाळी गेला. श्रीपतीनं स्वतः तोडला, कारण मजूर मिळेनात, आणि तोडताना मळाभर त्यानं रूपाच्या सात पिढ्या काढल्या. त्याच टेम्पोत त्याच्याच मांडीवर, कापडात गुंडाळून, ते मोठं कमळ गेलं. पोत्यात घालायचं नाही आणि खालीही ठेवायचं नाही, असं रूपानं दोनदा बजावलं होतं. लग्न पार पडलं. झेंडूच्या पिवळ्या मांडवात ते एक पांढरं कमळ कसं दिसत होतं, त्याचा फोटो मॅडमनं पाठवला. उमेशच्या फोनवर. त्यानं तो रूपाला दाखवला आणि रूपानं बघितला. बास.

त्यानंतर श्रीपती तिच्याशी सरळ बोलत नाही. सांगायचं असलं की कोंबड्यांना सांगतो, तिनं ऐकावं म्हणून. रूपालाही त्याचं काही वाईट वाटत नाही. उमेशशी ती बोलते, जेवढं जेवणाखाण्याला लागतं तेवढं. राग गेला का, असं प्रेरणानं फोनवर विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "जाईल तवा जाईल. त्याला काय गाडी पकडायचीय?"

पण मॅडमचा फोन आला की उमेश आता बोलत नाही. स्पीकरही लावत नाही. वाजता फोन घेऊन गोठ्याजवळच्या खोलीकडे जातो, दारावर बोटानं टकटक करतो, आणि म्हणतो, "तुझा हाय." रूपा कधी लगेच घेते. कधी आत मशीन चालू असतं, तेव्हा आतूनच म्हणते, "थांबा म्हनावं." तेव्हा उमेशला दाराबाहेर उभं राहून मॅडमला सांगावं लागतं, "थांबा म्हनती. कागद कापायला लागलाय, तिला उठता येत न्हाई."

ती पोती अजून पडवीत आहेत. श्रीपती म्हणाला, जाळून टाका. रूपा म्हणाली, न्हाई, असू देत. उमेशनं अर्धं पोतं निवडलं होतं, नंतर सोडून दिलं. कुणी पाहुणा आला, बसायला जागा करताना हात लागला आणि त्यानं विचारलं की, "मावशी, ह्यात काय भरलंय वं एवढं हलकं?" तर कस्तुराबाई लसूण सोलता सोलता, मान वर न करता सांगते.

"ती व्हय? ती आमच्या उमेशची फुलं."